बिघाड पाण्याबाहेरचाच

आमच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलसाठी रोबोट क्लीनर घ्यायचा आग्रह माझा होता. तो लवकर मोडकळीला आला, त्यातही मोठा वाटा माझाच. पुण्यातल्या आणखी काही सोसायट्या हे मशीन घ्यायच्या विचारात आहेत, म्हणून काय चुकलं ते सांगतो.

मशीन आलं त्या दिवशी सभासद जमले होते. मी ते काठावरच चालू करून दाखवलं. ब्रश गरागरा फिरले, सगळे खूश झाले. या मशीनची मोटर भोवतीच्या पाण्यानेच थंड राहते आणि दांड्यावरचं रबरी सीलही पाण्यामुळेच ओलं राहतं. कोरडं फिरलं की सील तापून घासतं आणि पुढे तिथूनच पाणी आत शिरतं. आधी पाण्यात सोडायचं, बुडबुडे थांबून मशीन तळाला बसलं की मगच बटण दाबायचं, हे माहितीपुस्तिकेत छापलेलं होतं. मी ती उघडलीच नव्हती.

पण खरं नुकसान झालं ते फिल्टरपायी. मशीन भिंतीवर चढेना. अर्ध्यावर जाऊन घसरायचं. ब्रश झिजले असं मी ठरवूनच टाकलं आणि नवे मागवले. सोसायटीचे पैसे गेले, मशीन तसंच घसरत राहिलं. शेवटी पूलचं काम बघणाऱ्या दादांनी फिल्टर काढून उन्हाकडे धरला. म्हणाले, "साहेब, ह्यातून उजेड येत नाही, पाणी कुठून जाणार?" पानं, केस ते रोज झटकत होते, त्यामुळे वरून फिल्टर स्वच्छ दिसायचा. घड्यांच्या आत मात्र करडा, बुळबुळीत थर साचला होता: सनस्क्रीन, डोक्याचं तेल आणि धूळ यांचा. बोट फिरवलं तर साबणासारखं निसटत होतं. रोबोट खालून पाणी ओढतो आणि वरून जोराने बाहेर फेकतो. त्याच जोरावर तो भिंतीला दाबून राहतो. फिल्टर तुंबला की ती ओढच संपते. आता प्रत्येक वेळी मशीन बाहेर आलं की फिल्टर ओला असतानाच नळीच्या धारेखाली घड्या उलगडून धुतो. थर वाळला की निघता निघत नाही.

पावसाळ्यात मी आणखी एक घोळ घातला. टेकडीवरची माती वाहून आली, चार दिवस ऊन नाही, पाणी हिरवं झालं. मी क्लोरीनचा मोठा डोस टाकून लगेच रोबोट सोडला. मेलेलं शेवाळ इतकं बारीक असतं की ते फिल्टरमधून आरपार जाऊन पुन्हा पाण्यातच पसरतं. शिवाय कडक क्लोरीनने रबराचे पट्टे आणि सील खराब होतात. अशा वेळी आधी हाताने घासावं, पूलचा वाळूचा फिल्टर चालू ठेवून बॅकवॉश घ्यावा, पीएच 7.2 ते 7.6 मध्ये आणावा आणि क्लोरीन नेहमीच्या पातळीवर उतरलं की मगच मशीन पाण्यात सोडावं. तुरटीने खाली बसवलेला गाळ तर हाताच्या व्हॅक्यूमने थेट गटारात काढलेला बरा.

केबलचेही हाल केले. पाणी भरल्यावर पंधरा-वीस किलोचं होणारं मशीन आम्ही केबलला धरूनच वर खेचायचो. केबलने फक्त काठाजवळ आणायचं. उचलायचं मुठीला धरून, पाणी निथळू देत. केबलला पीळही पडले. ती सरळ पसरून उन्हात ठेवली तेव्हा बरेचसे सुटले.

ज्या चुकीची आजही धास्ती वाटते ती वीजपुरवठ्याच्या डब्याची. पाण्यातल्या केबलमध्ये कमी दाबाची वीज असते, पण त्या डब्यात 230 व्होल्ट येतात. आम्ही तो डबा काठाला लागूनच ठेवत होतो, पाणी उडेल तिथे. मुलं जवळून पळायची. काही झालं नाही, हे नशीब. आता तो साडेतीन मीटरहून लांब, सावलीत, उंचावर आहे, आणि त्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे. मशीन चालू असताना पाण्यात कुणालाही उतरू देत नाही.

तुमच्या सोसायटीत असं मशीन असेल तर आजच खाली जाऊन तो डबा कुठे ठेवलाय ते बघा, आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून आरसीसीबी तपासून घ्या.