आयआयटी नाही का मिळाली?

परवा बाळकुम नाक्यावर एका काकूंनी विचारलं, "लेकाला आयआयटी नाही का मिळाली?"

"नाही हो, माटुंग्याला जातो," मी पुटपुटले. लेक शेजारीच उभा होता. घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

पवईची आयआयटी मोठीच, वादच नाही. पण केमिकल इंजिनिअरिंग म्हटलं की माटुंग्याचं यूडीसीटी, आताचं आयसीटी, १९३३पासून उभं आहे. माशेलकर तिथेच शिकले. तिथे शिकवणारे मनमोहन शर्मा १९९०मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हे सगळं मला ठाऊक होतं! मग आवाज का खाली गेला? माहीत काकूंना नव्हतं, लाज मात्र मला वाटली.

रात्री लेकाला सॉरी म्हटलं.

"पुढच्या वेळी मोठ्याने सांग, आई," एवढंच म्हणाला.