घोट्यांतील बळ

मोडलेल्या घोट्याचे हाड रक्त न पोहोचल्याने निर्जीव झाले आणि त्याच्या जागी आमच्या पायात धातूचे नवे हाड बसले. ‘टॅलस’ नावाच्या या हाडाला एकही स्नायू जोडलेला नसतो. चपखल आकार आणि भोवतालचे अस्थिबंध यांच्याच आधाराने ते स्थिर राहते. जपानमधील नारा येथील शल्यविशारदांनी ते सिरॅमिकचे घडविले. अमेरिकेत २०२१ साली त्रिमितीय मुद्रणाने केलेल्या हाडास मान्यता मिळाली. परंतु अस्थिबंध सैल असतील, तर कितीही सुबक हाड डगमगतेच.

डॉक्टरांनी काठी वापरावयास सांगितले होते. अभिमानापोटी ती घरी ठेवून आम्ही बोरिवलीच्या माउंट पॉइन्सर येथील चर्चमध्ये मिस्साला गेलो. ख्रिस्तप्रसादासाठी उठताना पाय लटपटला. शेजारच्या अनोळखी मुलाने हात धरला.

‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथातील मंदिराच्या दाराशी बसलेला पांगळा तेव्हा आठवला. पेत्राने त्याला हात धरून उठविले, तेव्हाच त्याच्या घोट्यांत बळ आले. वैद्य असलेला संत लूक घोट्यांचा उल्लेख करावयास विसरला नाही.

स्वतःच्या पायांवर उभे असल्याचा गर्व आम्ही आयुष्यभर बाळगला. घोट्यातील हाड मात्र इतरांनी धरून ठेवले आहे म्हणूनच उभे आहे. आता आम्ही काठी घेतो आणि कोणी हात पुढे केला, तर नाकारीत नाही.