पाव आटा

मृग लागायच्या आत आप्पांची चेतक रस्त्यावर आणायची, असं ठरवून मी वैशाखातल्या एका सकाळी पडवीत बसकण मारली. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायच्या काळात, १९८६ साली, ती आमच्या घरी आली होती. कार्बोरेटर धुऊन झाला, प्लग बदलला. अडलं ते सायलेन्सरपाशी. खालच्या अंगाचा एकच बोल्ट, १७ नंबरचा, आणि तो तीन दिवस हलला नाही.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर खारा वारा कौलांखालूनही घरात येतो. त्यात सायलेन्सरचा बोल्ट रोज तापणार, रोज निवणार, पावसाळाभर चिखल झेलणार. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, आणि आट्यांमध्ये ती जागा नसतेच. शिवाय बोल्ट लोखंडी असला तरी तो बसलेलं इंजिनचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं. दोन्हींच्या मध्ये मीठ शिरलं की अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी धरू लागतं. लाल आणि पांढरं मिळून बोल्टाला असं कवटाळतात, की तो वेगळा उरतच नाही.

मी घाई केली. फिक्स पाना लावून सगळा भार टाकला, पाना सटकला, बोटांची सालं निघाली आणि बोल्टाचे दोन कोपरे गोल झाले. फिक्स पाना दोनच बाजूंना धरतो, हे मला माहीत होतं. तरी केलं.

संध्याकाळी नाक्यावरचे मिस्त्री आले. पान्याला त्यांनी हातच लावला नाही. तारेच्या ब्रशने आधी गंज खरवडला, डोक्यावर हातोडीच्या हलक्या टिचक्या मारल्या, कडेने रॉकेलचे थेंब सोडले आणि निघाले. ‘वेळ द्या त्याला, ताई.’ दुसऱ्या दिवशीही तेवढंच. समईच्या वातीत तेल चढतं तसं ते रॉकेल डोळ्यांना न दिसणाऱ्या फटींतून आत जात होतं. मी दोन्ही रात्री बॅटरी घेऊन बघून आले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पेट्रोलची टाकी काढून पार अंगणापलीकडे ठेवायला लावली, रॉकेल पुसून कोरडं केलं आणि मगच गॅसची ज्योत पेटवली. ती बोल्टावर नाही, बोल्टाभोवती फिरवली. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे घर सैल होतं आणि बोल्ट आपल्या मापात राहतो. मग ज्योत विझवून त्यांनी देवघरातली मेणबत्ती मागितली. तापल्या कडेला ती टेकवताच मेण वितळलं, चमकलं, आणि बघता बघता आत ओढलं गेलं. त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला.

गोल झालेल्या डोक्यावर सहा कोनांची गोटी हातोडीने ठोकून बसवली. दांडा माझ्या हातात दिला. ‘आधी आवळा.’ मी बघतच राहिले. ‘केसभर आवळा, मग सोडा. आणि मऊ लागलं की थांबा.’

ते मऊ म्हणजे काय, हे सांगून कळत नाही. सुटणारा बोल्ट आधी दगडासारखा अडतो, मग कट्ट वाजतो, आणि मनगटाला एक कोरडा धक्का बसतो. तुटणारा बोल्ट आवाज न करता गुळासारखा वळू लागतो. माणसाला वाटतं, आला. खरं तर तो आतून पिळवटत असतो. दुसऱ्या खेपेला मला तसं मऊ लागलं. मी हात काढला. मिस्त्रींनी पुन्हा उष्णता दिली, पुन्हा मेण.

पाचव्या खेपेला कट्ट झालं.

तरी त्यांनी सरळ काढू दिला नाही. पाव आटा मागे, थोडा पुढे, पुन्हा पाव आटा मागे. दर फेरीला करकर, आणि कडेने लालसर पूड खाली कागदावर पडत होती. अर्धा तास गेला असेल. शेवटी तो बोटांनी फिरू लागला, आणि गरम गरमच माझ्या फडक्यात आला.

डोक्याकडचे आटे खाल्लेले, काळे-तांबडे. पण टोकाकडच्या तीन-चार आट्यांवर मेणात मिसळलेलं पिवळं ग्रीस अजून होतं. आप्पा कुठलाही बोल्ट कोरडा बसवत नसत. डबीत करंगळी बुडवून आधी लावत. मिस्त्रींनी नवा बोल्ट पुढे केला. मी आत जाऊन फडताळातली ती डबी घेऊन आले.