बाहेरचे कार्ड, आतली लिपी

जुन्या पोथ्यांच्या छायाचित्रांवरून हस्ताक्षर ओळखायला संगणकाला शिकवायचे, तर ग्राफिक्स कार्ड हाताशी हवे. आणि लॅपटॉपच्या पोटात त्याला जागा नसते. मग ते स्वतंत्र वीजपुरवठ्याच्या पेटीत बाहेर ठेवायचे आणि थंडरबोल्टच्या तारेने जोडायचे. लिनक्सवर प्रथम 'बोल्टसीटीएल' ही आज्ञा देऊन पेटीला अनुमती द्यावी लागते, कारण या तारेवरून आलेले उपकरण थेट संगणकाच्या स्मृतीपर्यंत पोचू शकते. परक्याला माजघरात घेण्याआधी विचारपूस व्हावी, हे रास्तच.

खरी अडचण पुढे आहे. कार्डाशी बोलणारा ड्रायव्हर कोणता? एनव्हिडिया कंपनीने आपल्या कार्डांची भाषा वर्षानुवर्षे गुप्त ठेवली. लिनस टोरवाल्ड्सने २०१२ साली फिनलंडमधील एका विद्यापीठात त्याबद्दल जाहीर शिवी हासडली होती. दरम्यान काही स्वयंसेवकांनी बंद ड्रायव्हर आणि कार्ड यांच्यातील देवघेव टिपून, अर्थ लावत लावत, 'नूवो' हा खुला ड्रायव्हर रचला; २०१० मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात आला.

हे वाचताना वऱ्हाडातील मराठीच्या अभ्यासकाला सकळ लिपी आठवणारच. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंद केले, आणि मराठीचे आद्य गद्य कित्येक शतके पंथाबाहेर अपरिचित राहिले. विसाव्या शतकात राजवाडे, भावे यांनी ती लिपी उलगडली, यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने यांनी हे वाङ्मय अभ्यासकांपर्यंत आणले. अर्थात दोन्ही गुप्तता एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. एकीमागे उपेक्षित पंथाची श्रद्धा होती, दुसरीमागे बाजार. उलगडणाऱ्यांची चिकाटी मात्र एकाच जातीची.

आणि तरीही मी बसवला तो कंपनीचाच ड्रायव्हर. नूवोवर पडदा उजळतो, पण संगणकाला शिकवण्याचे जड गणित माझ्या कामापुरते चालत नाही. कंपनीने २०२२ मध्ये ड्रायव्हरचा गाभ्यातला भाग खुला केला. गणिताचा थर बंदच राहिला. पोथी उघडण्यासाठी बंद कुलपाचा आधार घ्यावा लागतो, ही टोचणी काम सुरू झाल्यावरही गेलेली नाही.

बाकी अडचणी अकोल्याच्या. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा पेटीचा पंखा दुपारी नुसता आक्रंदतो. म्हणून काम रात्रीच. लाइन गेली की लॅपटॉप बॅटरीवर तगतो, पेटी मात्र विझते, आणि चालू गणितातून कार्ड नाहीसे झाले की सारे कोसळते. इन्व्हर्टर आता पेटीलाच जोडला आहे. मी अंधारात बसतो.

सध्या अडले आहे ते 'ष'पाशी. जुना लेखक 'देषिले' लिहितो आणि 'देखिले' वाचतो. यंत्र डोळ्यांना दिसते तेच लिहिते. त्याला कोणते शिकवावे, हे अजून ठरत नाही.