धुराचा रंग

वैद्य नाडी पाहतो, डॉक्टर जीभ पाहतो आणि मोटारीचा मिस्त्री पाहतो धूर. बॉनेट उघडण्यापूर्वी तो गाडीच्या मागे जाऊन उभा राहतो. माणूस आपले दुखणे लपवतो. इंजिनाला ती कला साधलेली नाही.

आमच्या नायगावच्या पूर्वेकडून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. तिथे वाहतूक तुंबली की ही नाडीपरीक्षा फुकट पाहायला मिळते. काळा धूर म्हणजे अजीर्ण! इंधन फार, हवा थोडी. एअर फिल्टर धुळीने बुजलेला असतो, नाही तर नोझल गळत असते. दिसायला भयंकर, पण पुष्कळदा थोडक्यात निभावणारे दुखणे. निळसर धुराचे तसे नाही. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजले की इंजिन ऑइल आत शिरून जळते. गाडी ऑइल खाऊ लागली की समजावे, वय झाले.

पांढऱ्या धुराबद्दल मात्र घाई करू नये. कार्तिकातल्या गार सकाळी निघतो तो नुसता वाफारा; इंजिन तापले की नाहीसा होतो. पण तापल्यावरही दाट लोट येत राहिले आणि रेडिएटरचे पाणी घटू लागले, तर हेड गॅस्केट फुटून पाणी सिलिंडरात शिरत असावे. गाडी तशीच रेटली तर हेड वाकते, आणि एकाच टेम्पोवर पोट असणाऱ्याची चूलही विझते.

गंमत अशी की चालकाला स्वतःचा धूर सहसा दिसत नाही. तो दिसतो मागच्याला. गेल्या हिवाळ्यात भाजीच्या एका टेम्पोवाल्याला मी म्हटले, "भाऊ, पांढरा धूर येतोय. पाणी बघा."

"पीयूसी आहे माझ्याकडे!" तो उखडला.

पीयूसीचे यंत्र धूर किती ते मोजते. तो का येतो, हे सांगत नाही. तरी गडी उतरला. इंजिन निवेपर्यंत थांबला, मग रेडिएटरचे झाकण उघडले. पाणी पार तळाला गेले होते. काही न बोलता त्याने मिस्त्रीला फोन लावला.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या भारत स्टेज सहाच्या डिझेल मोटारींत काजळी अडवणारी गाळणी असते. त्यामुळे काळा धूर क्वचितच दिसतो. दुखणे डॅशबोर्डवरचा दिवा सांगतो. पण जुन्या गाड्या रस्त्यावर अजून पुष्कळ आहेत. त्यांचा धूर दिसला की आपण नाकाला रुमाल लावतो, एखादी शिवी हासडतो आणि काच वर करतो. त्याऐवजी पुढच्या सिग्नलला दोन शब्द बोलावेत. एखाद्याचे इंजिन वाचेल.