हक्कसोड

हक्क सोडून देणें ही गोष्ट आपल्या घरांना नवी नाहीं. वडिलांच्या पश्चात् लग्न होऊन गेलेल्या बहिणी भावाच्या नांवें हक्कसोडपत्र करून देतात. एखादा भाऊ परगांवीं स्थायिक झाला म्हणजे वाड्यांतील आपला वांटा धाकट्याच्या पदरांत टाकतो. त्यांत प्रेम किती व भीड किती हा प्रश्न निराळा. परंतु आपण काय सोडीत आहों हें तरी सोडणारास ठाऊक असतें. आज आम्हांस ज्या हक्कसोडीविषयीं चार शब्द लिहावयाचे आहेत, तिचा प्रकार वेगळा आहे. तींत सोडलेला हक्क सहीच्या दिवशीं कोणास दिसत नाहीं. तो दिसूं लागतो तो तंटा उपस्थित झाल्यावर.

नामांकित उपाहारगृहाची शाखा आपल्या गांवीं काढावी अशी इच्छा हल्लीं पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत आढळते. यालाच फ्रँचायझी म्हणतात. नांव, पाककृति व मांडणी कंपनीची. भांडवल, भाडें, नोकरचाकर आणि तोटा आपला. आरंभीं एक ठोक रक्कम द्यावयाची, आणि पुढें रॉयल्टी. ही रॉयल्टी बहुधा नफ्यावर नसून विक्रीवर असते. म्हणजे वर्ष तोट्यांत गेलें तरी ती चुकत नाहीं.

मागें आमच्या एका आप्तांच्या घरीं अशा कराराचा मसुदा आमच्या हातीं देण्यांत आला. ठोक रक्कम, भाडें व कर्जाचा हप्ता यांचा हिशेब वडील मंडळींनीं चोख मांडला होता. शेवटचीं कलमें मात्र, ‘तीं सर्वत्र सारखींच असतात’ म्हणून कोणीं वाचलीं नव्हतीं. आम्हीं तीं वाचलीं. एका कलमान्वयें, करारांत न लिहिलेल्या कोणत्याहि तोंडी आश्वासनावर आपण विसंबलों नाहीं, असें सही करणारा कबूल करीत होता. दुसऱ्यानें तंटा परप्रांतांतील शहरीं लवादापुढेंच न्यावयाचा होता. तिसऱ्यानें, मुदत संपून नवा करार करतेवेळीं मागील सर्व तक्रारी सोडून द्यावयाच्या होत्या. चौथें कलम मोठें मौजेचें होतें: कंपनीनें कधीं ढिलाई दाखविली, तरी तिनें आपला हक्क सोडला असें समजूं नये! एकाच कागदांत एका पक्षाचे हक्क मौनानेंहि सुटत नव्हते, आणि दुसऱ्याचे एका सहीनें सुटत होते. अखेरच्या पानावर जामीन म्हणून मुलाच्या वडिलांचें नांव होतें, आणि तारण म्हणून राहतें घर.

अशा कलमांचें वजन किती असतें हें अमेरिकेंतील एका खटल्यावरून चांगलें कळतें. मोंटाना राज्यांतील ग्रेट फॉल्स या गांवीं पॉल कासारोटो यांनीं १९८८ सालीं सबवे या सँडविचच्या दुकानाची शाखा घेतली. गांवांतील उत्तम जागा तूर्त मोकळी नाहीं, ती मोकळी होतांच तुम्हांसच देऊं, असें तोंडी आश्वासन आपणांस मिळालें होतें, असें त्यांचें म्हणणें. त्या भरंवशावर त्यांनीं कमी प्रतीच्या जागेंत दुकान थाटलें. पुढें ती उत्तम जागा दुसऱ्यासच मिळाली. १९९२ सालीं पतिपत्नींनीं आपल्या राज्यांतील कोर्टांत फिर्याद केली. तेव्हां कंपनीनें कराराच्या नवव्या पानावरील, साध्या टाइपांतील एका कलमाकडे बोट दाखविलें: तंटा लवादापुढें, आणि तोहि दूर कनेक्टिकटांतील ब्रिजपोर्ट शहरीं. लवादाच्या कलमाची सूचना पहिल्याच पानावर, मोठ्या व अधोरेखित अक्षरांत असली पाहिजे, असा मोंटानाचा कायदा होता. राज्याच्या वरिष्ठ कोर्टानें त्या आधारें कासारोटोंची बाजू घेतली. परंतु १९९६ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें, १९२५ च्या संघीय लवाद कायद्याशीं विसंगत म्हणून, राज्याचा तो नियम बाजूस सारला. आश्वासन खरोखर दिलें होतें कीं नाहीं, हा मूळ प्रश्न तसाच राहिला. चार वर्षें वाद चालला तो तक्रार कोठें ऐकावी एवढ्याचाच.

शिकलेला मनुष्य अशा फेऱ्यांत सांपडत नाहीं, असें कोणी म्हणेल. मिशिगनमधील जॉन रुडझेविच हे अनुभवी हिशेबनीस होते, आणि त्यांच्या बाजूस वकीलहि होता. बर्गर किंगच्या शाखेसाठीं वीस वर्षांत दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम देण्याची जबाबदारी त्यांनीं स्वतःच्या शिरावर घेतली. पैसे थकले तेव्हां कंपनीनें आपल्या फ्लोरिडांत दावा लावला. आणि तो तेथें चालूं शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालीं दिला. फ्लोरिडाचा कायदा लागू राहील असें करारांत होतें, ही गोष्टहि न्यायालयानें विचारांत घेतली.

कंपनीची बाजू अगदींच पोकळ नाहीं. शेंकडों गांवीं शाखा असलेल्या संस्थेनें प्रत्येक गांवच्या कोर्टांत हेलपाटे घालावे, अशी अपेक्षा करतां येत नाहीं. परंतु घेणाराचें सर्वच संरक्षण सहीनें काढून घेतां येऊं नये, हेंहि तितकेंच खरें. म्हणूनच कॅलिफोर्नियानें १९७० च्या कायद्यांत, त्या कायद्याचें संरक्षण सोडावयास लावणारी अट निरर्थक ठरविली. अमेरिकेच्या संघीय नियमानुसार सहीपूर्वीं निदान १४ दिवस माहितीपत्र घेणाराच्या हातीं द्यावें लागतें.

आपल्याकडे फ्रँचायझीसाठीं स्वतंत्र कायदा नाहीं. आधार मुख्यतः १८७२ च्या करार कायद्याचा. त्याच्या २८ व्या कलमानें, कोर्टांत दाद मागण्याचा हक्क सर्वस्वीं बंद करणारी अट रद्द ठरते. परंतु त्याच कलमांत लवादास मोकळीक आहे. आणि अधिकार असलेल्या अनेक कोर्टांपैकीं एकच निवडण्यासहि आपलीं न्यायालयें मान्यता देतात. तेव्हां कायदा आपणांस सांभाळून घेईल अशा समजुतीनें सही करूं नये.

आमच्या आप्तांनीं जागेविषयींचें तोंडी आश्वासन करारांत घालावें व राहत्या घराचें तारण काढावें, अशी विनंति कंपनीस केली. पहिली मान्य झाली, दुसरी नाहीं. म्हणून त्यांनीं बेत सोडला. ‘असें पाहत बसल्यास धंदा कोणीच करणार नाहीं,’ असें म्हणून मुलगा कांहीं दिवस खट्टू होता. त्याचें म्हणणें आम्हांस सर्वस्वीं चुकीचें वाटत नाहीं. धंद्यांत धाडस हवेंच. मात्र धाडस एकट्याचें आणि छप्पर सर्वांचें असेल, तर तो कागद सर्वांनीं वाचावा. आपला वकील आपण निवडावा, कागद पंधरा दिवस घरीं ठेवावा, तोंडी मिळालेलें प्रत्येक वचन लेखीं मागावें, आणि किती पैसे द्यावयाचे या प्रश्नापाठोपाठ कोणते हक्क द्यावयाचे, हाहि प्रश्न विचारावा. घरांतील मोठ्या बायकांसहि तो कागद वाचून दाखवावा. कारण हक्कसोडपत्रावर सही करण्याचा अनुभव आपल्या घरांत त्यांच्याइतका कोणासच नसतो.