तिकीट वसूल

'वसूल' हा शब्द मराठीत अरबी-फारसीतून आला. अरबीत 'वुसूल' म्हणजे पोहोचणं. मुक्कामाला पोहोचणं, पत्र हाती पोहोचणं. पुढे कारभाराच्या भाषेत तो पैशाला चिकटला. सारा खजिन्यात पोहोचला की वसूल झाला. आता सारा मागे पडला आणि त्याच्या जागी सुट्टी आली. सहलीहून परतलेल्या माणसाला विचारावं, कसं झालं? तो म्हणतो, "पैसे वसूल!" कुणाबरोबर गेलात, काय बोललात ही चौकशी नंतरची. आधी हिशेब.

हा हिशेब सगळ्यांत कडक चालतो तो थीम पार्कात. दारातच दिवसभराचं तिकीट काढायचं. आत गेल्यावर हव्या त्या पाळण्यात बसा, वेगळे पैसे नाहीत. मग मनातल्या मनात भागाकार सुरू होतो. दहा पाळण्यांत बसलं तर एक पाळणा स्वस्त पडतो, तीनच पाळण्यांत बसलं तर महाग. म्हणून बाप नकाशा घेऊन पुढे, पोरं मागे आणि आई पिशव्या सांभाळत सगळ्यांच्या मागे, अशी वरात सकाळपासून पळत असते. मौजेला आलेली माणसं इतक्या घाईत कधी कामावरही जात नसतील.

आमच्या लहानपणी असं नव्हतं. गावच्या उरुसात आणि पुढे मुंबईत पाहिलेल्या माहीमच्या जत्रेत प्रत्येक पाळण्याचे पैसे वेगळे. माहीमची ती जत्रा मखदूम अली माहिमी यांच्या उरुसाची, दर डिसेंबरात भरणारी. मुठीत चार नाणी असत. कोणत्या पाळण्यात बसायचं हे ठरवण्यातच अर्धी संध्याकाळ जाई. बाकीचा वेळ नुसतं फिरायचं, दुसऱ्यांना वर जाताना पाहायचं, काकडी खायची. दोनदा पाळण्यात बसून आलेलं पोर 'जत्रा बघून आलो' असं सांगे, आणि ते खरंच असे.

गंमत अशी की अमेरिकेतही सुरुवात उरुसासारखीच होती. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम इथे डिस्नेलँड उघडलं, तेव्हा दाराचं तिकीट वेगळं आणि प्रत्येक खेळाचं वेगळं होतं. त्याच वर्षी खेळांच्या तिकिटांची पुस्तकं निघाली. पुढे 'ई' अक्षराचं तिकीट म्हणजे सगळ्यांत भारी खेळ, असा तिथल्या इंग्रजीत वाक्प्रचारच झाला. १९८२मध्ये ती पुस्तकं बंद होऊन दिवसभराचं एकच तिकीट सुरू झालं. सोय मोठी झाली. पण आमच्या मते माणसाचं पळणंही तिथूनच वाढलं. मग रांगा वाढल्या. १९९९मध्ये रांगेतला वेळ वाचवणारी फास्टपास नावाची मोफत सोय डिस्नेच्या पार्कांत आली, आणि २०२१पासून तिथे तेवढ्यासाठी वेगळे पैसे द्यावे लागू लागले. म्हणजे दिवस विकत घ्यायचा आणि त्या दिवसातली घाईही विकत घ्यायची!

आमच्याकडे पहिलं मोठं पार्क म्हणजे गोराईचं एस्सेलवर्ल्ड. ते १९८९मध्ये सुरू झालं आणि २०२२मध्ये बंद पडलं. नव्वदच्या दशकात आम्ही दोघांनी मुलांना तिथे नेलं होतं. आम्ही दोघं प्राथमिक शाळेतले मास्तर-बाई. महाडजवळच्या गावातून रात्रीची एसटी, कुर्ल्यात नातेवाइकांकडे मुक्काम, मग बोरिवलीची लोकल आणि खाडीतली होडी. आमची मुलगी आणि मुलगा आज चाळिशीच्या आसपास आहेत. त्या दिवसातलं त्यांना काय आठवतं? होडी आठवते, पाण्यात पडता पडता वाचलेली मुलीची चप्पल आठवते. पाळण्यांची नावं दोघांनाही सांगता येत नाहीत.

हे सगळं आठवायचं कारण २०२४चा जानेवारी. २६ तारीख शुक्रवारी आली होती, म्हणून शनिवार-रविवार धरून तीन दिवसांची सुट्टी. मुलगा दोह्याला नोकरी करतो. तो, सून आणि नऊ वर्षांचा नातू दहा दिवसांच्या रजेवर आले होते. आखातात काम करणाऱ्याची रजा कशी असते हे कोकणातल्या घरांना सांगायला नको. विमानातून उतरल्यापासून दिवस उलटे मोजले जातात. कुणाच्या घरी मय्यतीला जाता आलं नव्हतं तिथे भेटून यायचं, कुणाकडे लग्नाचं जेवण, बँकेचं काम, घराच्या कौलांचं काम. त्यातून दोन दिवस काढून मुलाने खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचं ठरवलं. मुंबईहून मुलगी आणि जावई येणार होते.

मुलाने मोबाईलवर यादी केली होती. कोणता खेळ कितीला, कोणत्या रांगेत आधी उभं राहायचं, जेवण किती मिनिटांत. यादीत एकच माणूस बसत नव्हतं, ती म्हणजे आमची अम्मी. वय ऐंशी, गुडघे गेलेले, हातात काठी. "ती घरी राहील, शेजारी आहेतच," असं मुलगा हळूच म्हणाला. अम्मी स्वतःच म्हणाली, "मी तिथं जाऊन काय करू? पोरांचे पाय अडकवू?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नातवाने तिला नऊ वर्षांत चार वेळा पाहिलं होतं. पुढची रजा वर्षभराने, कदाचित दीड वर्षाने. ऐंशीव्या वर्षी दीड वर्षाचा वायदा कुणी करायचा? आम्ही मुलाला सांगितलं, अम्मी येणार आणि आपण सगळे तिच्या चालीने चालणार. दोन दिवसांत जेवढं होईल तेवढं. तो म्हणाला, "मग तिकिटं वाया जातील." आम्ही म्हटलं, जाऊ देत.

वाकण फाट्यावरून पालीमार्गे आम्ही निघालो. पालीला सरसगडाखाली चहा घेतला. खोपोलीत एका साध्या लॉजमध्ये सामान टाकलं आणि शनिवारी सकाळी पार्काच्या दारात पोहोचलो. जावयाने घरून प्लॅस्टिकचं एक छोटं स्टूल आणलं होतं. दारावरच्या मुलीने स्टूल पाहिलं, अम्मीकडे पाहिलं आणि हसून आत सोडलं. ते निळं स्टूल दोन दिवस आमच्या काफिल्याचं निशाण होतं. अम्मी वीस पावलं चालायची, स्टूल टेकायचं, ती बसायची आणि आजूबाजूला पाहायची. तिच्यामुळे आम्हीही पाहायचो.

अशा चालीने गेलं की काय दिसतं? पार्कात राजासॉरस नावाच्या डायनासोरचा खेळ आहे. होडीत बसून पाण्यातून जायचं, अंधारात तो डरकाळ्या फोडतो आणि शेवटी होडी धाडकन खाली येते. पोरं भिजून आली. नातवाला डायनासोरांचं वेड, त्यामुळे स्टुलापाशी शाळाच भरली. राजासॉरस आपल्याच देशातला. त्याची हाडं गुजरातेत खेडा जिल्ह्यात सापडली आणि २००३मध्ये त्याचं बारसं झालं, राजासॉरस नर्मदेन्सिस. हे नातू आम्हाला सांगत होता. मग आमच्यातल्या मास्तरांनी त्याला मान वर करून पार्काच्या भिंतीपलीकडचा सह्याद्री दाखवला. तो काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो थरावर थर साचत गेला. राजासॉरसचा काळही त्याच्याच आगेमागे. पोरगा डोंगराकडे बघत राहिला. "म्हणजे तो खरा आहे?" त्याने विचारलं. अम्मी म्हणाली, "बाबा, आपल्या घराचा चौथरा त्याच दगडाचा आहे." आता त्याला घरी परतून चौथरा पाहायची घाई झाली.

दुपारनंतर अलिबाबा आणि चाळीस चोरांच्या खेळाची रांग धरली. गाडीत बसून हातातल्या बंदुकीने निशाणं टिपायची, असा तो खेळ. लागोपाठच्या सुट्टीमुळे रांग तासाभराची. मुलगा घड्याळ बघत होता. अम्मीने नातवाला विचारलं, "अलिबाबा कोण, ठाऊक आहे?" त्याला ठाऊक नव्हतं. बंदूक आहे एवढंच ठाऊक होतं.

मग ती सुरू झाली. थोडं मराठी, थोडी आमची कोकणी, मध्येच उर्दू. गुहा, तिळाला घातलेली साद, लालची कासीम आत अडकतो आणि त्याला नेमकं तेच धान्य आठवत नाही. चोर दारावर खडूची खूण करून जातो, तर मर्जिना गल्लीतल्या सगळ्या दारांवर तशीच खूण करून ठेवते. रांग चार पावलं सरकली की जावई स्टूल सरकवायचा, अम्मी उठायची, बसायची आणि तुटलेल्या वाक्यापासून पुढे जायची. पुढे उभं असलेलं सांगलीकडचं एक कुटुंब मागे वळलं. त्यांच्या दोन मुली, मागची तीन पोरं असा घोळका तिच्याभोवती जमला. तेलाच्या बुधल्यांत चोर लपल्याचं आलं तेव्हा मोठी माणसंही गप्प झाली. सुनेने नातवाला हळूच इंग्रजीत समजावायला सुरुवात केली, तर तो म्हणाला, "कळतंय मला."

खेळ काही मिनिटांत संपला. बाहेर येऊन नातवाची तक्रार अशी की आत मर्जिनाला काही कामच दिलेलं नव्हतं.

अलिबाबाच्या गोष्टीचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. 'अरबी रात्रीं'च्या जुन्या हस्तलिखितांत ती सापडत नाही. हलब, म्हणजे अलेप्पो शहरातल्या हन्ना दियाब नावाच्या ख्रिस्ती तरुणाने ती १७०९मध्ये पॅरिसमध्ये आंत्वान गालां या फ्रेंच विद्वानाला तोंडी सांगितली. गालांने ती फ्रेंचमध्ये लिहिली आणि मग ती जगभर फिरली. आमच्या अम्मीपर्यंत ती तिच्या आईच्या तोंडून आली, मध्ये कोणती पुस्तकं, कोणती नाटकं-सिनेमे होते ते तिलाही सांगता येणार नाही. सांगणारा आणि ऐकणारा एका जागी थांबल्याशिवाय ही गोष्ट कधीच पुढे सरकलेली नाही. त्या दिवशी थांबायला रांग होती.

दुसऱ्या दिवशी तरुण मंडळींना आम्ही नायट्रो या उलटंपालटं करणाऱ्या रोलर कोस्टरकडे पिटाळलं. त्यांची हौसही खरी होती. आम्ही तिघं बाकावर, पायांशी सात पिशव्या. अशा पार्कात पिशव्या सांभाळणाऱ्यांची एक वेगळी वस्तीच असते. आज्या, गरोदर बायका, पाठदुखीवाले, घाबरट काका. आमच्या शेजारी नाशिककडच्या एक आजी होत्या. अम्मीने त्यांना गुडघ्याचं तेल सांगितलं, त्यांनी अम्मीला सुनेचं गाऱ्हाणं. दोघींची सुना-नातवंडं आकाशात किंचाळत होती. दोघी मान वर करत, 'आपलं आहे का त्यात?' असं एकमेकींना विचारत आणि पुन्हा खाली गुडघ्यांवर येत.

डिस्नेने स्वतःच एके ठिकाणी सांगितलं आहे की लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात लाकडी घोड्यांवर फिरणाऱ्या आपल्या मुलींकडे बघत तो बाकावर बसायचा. मोठ्यांना आणि मुलांना मिळून काही करता येईल अशी जागा असायला हवी, हे त्याला त्या बाकावर सुचलं. आज जगभर पसरलेल्या या पळापळीचं मूळ एका बसलेल्या बापात आहे, ही गोष्ट आम्हाला त्या पिशव्यांमध्ये बसून फार पटली.

या चालीला किंमत पडली नाही असं नाही. दोन दिवसांत आमचे पाच खेळ झाले. भुताचा महाल राहिला म्हणून रविवारी संध्याकाळी नातू रडला, चांगला पाय आपटून रडला. मुलगाही गाडीत थोडा वेळ गप्प होता. त्याने वर्षभर पैसे साठवून तिकिटं काढली होती आणि आपल्या पोराला सगळं दाखवावं असं बापाला वाटणारच. पनवेलच्या फाट्यावर मुलगी-जावयाची गाडी वळली, आमची महाडकडे लागली. नातू अम्मीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. तिचा गुडघा दुखत असणार. पण वाकणपर्यंत तिने पाय हलवला नाही. आरशातून मुलाने ते पाहिलं आणि गाडी हळू केली.

ते मंगळवारी गेले. आता दर शुक्रवारी दोह्याला सुट्टी असते तेव्हा नातवाचा व्हिडिओ कॉल येतो. आम्हा दोघांना सलाम-दुआ करून तो फोन बडी दादीकडे द्यायला सांगतो. तिला आता कधी कधी विसरायला होतं. मागच्या खेपेला तिने मर्जिनाच्या हातात खडूऐवजी कोळसा दिला. नातवाने तिकडून लगेच दुरुस्त केलं, "बडी दादी, खडू." ती म्हणाली, "बरं, खडू. मग पुढं काय झालं ते तूच सांग."

आणि त्याने सांगितलं. मराठीत, अडखळत, पण शेवटपर्यंत.